नेऱ्याच्या नाक्यावरील तीन तास

पनवेल शहर मागे टाकून पूर्वेकडे निघालेला रस्ता सुकापूर आणि चिपळे ओलांडतो व गाढी नदीच्या खोऱ्यात शिरतो. समोर माथेरानचा लांबच लांब पठारी माथा दिसू लागतो, उजव्या हाताला प्रबळगड उभा राहतो आणि इमारतींची गर्दी थोडी विरळ होते. याच वाटेवर नेरे हे गाव आहे. पुढे वाजे, मालडुंगे अशी गावे घेत हा रस्ता माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या धोदाणीपर्यंत जातो. गाढी नदी याच डोंगरांतून उगम पावते. तिच्यावरील देहरंग धरणाने पनवेलकरांची तहान वर्षानुवर्षे भागवली आहे.

नेऱ्याच्या नावाने बाहेरगावचा माणूस हमखास गोंधळतो. माथेरानच्या पलीकडच्या अंगाला नेरळ आहे. तेथून १९०७ पासून डोंगरावर छोटी गाडी जाते. नवी मुंबईत नेरूळ आहे. या दोन प्रसिद्ध नावांच्या मध्ये नेरे हे तिसरे नाव दूरध्वनीवर नीट ऐकूही येत नाही. ही गोष्ट गमतीची वाटते खरी. परंतु अडचणीच्या वेळी तिचे महत्त्व किती, हे आम्हांला यंदाच्या फाल्गुनात कळले.

माझ्या आईचे वय ८२ वर्षे. तरुणपणी ती धोदाणीच्या पायवाटेने माथेरान चढून गेली होती. आता चढणे शक्य नाही, पण तो डोंगर पायथ्यापासून एकदा पाहावा, अशी तिची इच्छा होती. आईला पंचवीस वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे कुरकुरतात. माझी साठी उलटली आहे आणि गाडी चालवणारे माझे यजमान सदुसष्ट वर्षांचे. वृद्धांची काळजी घेणारी माणसेही आता वृद्धच असतात, हे या पाक्षिकाच्या अनेक वाचकांना वेगळे सांगायला नको.

गाडी थांबली तेव्हा

नेऱ्याचा नाका ओलांडला आणि गाडीच्या तापमानाचा काटा झपाट्याने वर चढला. पाठोपाठ बॉनेटखालून वाफ येऊ लागली. यजमानांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका आंब्याच्या सावलीजवळ घेतली, इंजिन बंद केले आणि चारी दिवे लुकलुकत ठेवले. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. त्या वेळी सकाळचे पावणेअकरा वाजले होते.

गाडी बंद पडली की घरातील सर्वांचे लक्ष बॉनेटकडे जाते. मागच्या आसनावर बसलेले वृद्ध माणूस काही काळ विस्मरणात जाते. क्रम नेमका उलटा हवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर तसेही लगेच उघडायचे नसते. आतील पाणी दाबाखाली उकळत असते आणि झाकण सैल होताच ते अंगावर उसळते. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास तरी हात लावू नये. मग तो अर्धा तास माणसासाठी वापरावा.

वातानुकूलन बंद पडलेली गाडी उन्हात उभी राहिली, तर पहिल्या दहा मिनिटांतच आतील उष्णता सुमारे १० अंशांनी वाढू शकते. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. उतारवयात घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते आणि रक्तदाबाची काही औषधे शरीरातील पाणी कमी करतात. म्हणून वृद्ध व्यक्तीला गाडीत बसवून ठेवणे, ही सोय वाटली तरी सोय नव्हे. रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने, वाहने पाहून, त्यांना सावकाश उतरवावे. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. त्यासाठी आधी पाय बाहेर काढून मिनिटभर बसू द्यावे, घोटे हलवायला सांगावे आणि मग आधार देऊन उभे करावे.

आईला आम्ही असेच उतरवले. समोर एक किराणा दुकान होते. दुकानाला लागूनच घर आणि घराला ओटा. दुकानातल्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि प्लॅस्टिकची खुर्ची ओट्यावरच्या सावलीत आणून ठेवली. “गारी तापली, आजी. तुमी बसा इथं,” एवढेच त्या आगरी वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

मी मुलाला दूरध्वनी केला. “आम्ही नेऱ्याला अडकलो आहोत,” म्हटले, तर तो म्हणाला, “नेरूळला? मग वीस मिनिटांत माणूस पाठवतो.” त्याला पनवेल तालुका, माथेरानचा रस्ता, मालडुंग्याच्या अलीकडे असे सगळे सांगावे लागले. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा तातडीच्या मदतीसाठी ११२ या क्रमांकावर बोलताना हीच काळजी घ्यावी. गावाच्या नावाबरोबर तालुका, जिल्हा आणि जवळची शाळा, देऊळ किंवा नाका सांगावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. नेऱ्यासारख्या आतल्या रस्त्यावर मात्र गावच्याच माणसांचा आधार असतो. तो मिळाला. एक रिक्षावाले दादा फाटलेल्या पाइपचा तुकडा नमुन्यादाखल घेऊन पनवेलला निघाले. “जाऊन येऊन दीड तास धरा काकी, दुकानात मिळाला तर,” असे त्यांनी सांगितले.

पाणी आणि त्याहून अवघड गोष्ट

दुकानातल्या बाईंनी माठातले पाणी आणले. आईने तांब्या हातात घेतला, ओठ ओले केले आणि खाली ठेवला. तिला तहान नव्हती असे नाही. प्रवासाला निघाल्यापासून तिने घोटभरसुद्धा पाणी नीट प्यायलेले नव्हते. कारण मला ठाऊक होते आणि ते दोन पुरुषांच्या देखत ती बोलणार नव्हती.

आपल्याकडील असंख्य वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणी टाळतात, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते आणि मिळाले तरी तेथे खाली बसून उठता येत नाही. लाजेपोटी केलेली ही काटकसर शरीराला महाग पडते. पाणी कमी पडल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठ वाढते, रक्तदाब उतरतो आणि उन्हात भ्रम होण्यापर्यंत वेळ येते. पुरुषांचीही अडचण निराळ्या रूपाने असतेच. प्रॉस्टेट वाढलेल्या माणसाला वारंवार जावे लागते आणि त्या संकोचाने तोही पाणी तोडतो.

मी दुकानातल्या बाईंना हळूच विचारले. त्यांनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, “चला आजी, घर आपलाच हाय.” घराच्या मागे शौचालय होते, खाली बसण्याचे. बाईंनी मधोमध भोक असलेले एक जुने प्लॅस्टिकचे स्टूल आणले. त्यांच्या सासूबाईंसाठी ते त्यांनी घेतले होते. त्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. आई बाहेर आली, ओट्यावर बसली आणि तिने आपणहून तांब्याभर पाणी प्यायले.

त्या दिवशी मला सर्वांत मोलाची मदत कोणती मिळाली, असे कोणी विचारले, तर मी पाइप आणणाऱ्या रिक्षावाल्या दादांच्याही आधी त्या स्टुलाचे नाव घेईन. काळजीवाहकांनी हा विषय वृद्ध व्यक्तीने काढण्याची वाट पाहू नये. दर दोन तासांनी थांबू, असे निघतानाच सांगावे. घडीचे कमोड-स्टूल वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते आणि गाडीच्या डिकीत सहज मावते. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी प्रवासातील प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

जेवणाची वेळ टळते तेव्हा

साडेअकराच्या सुमारास आई गप्प झाली. ओट्यावर बसून ती बाईंशी वालाच्या शेतीबद्दल बोलत होती. मध्येच बोलणे तुटले. मी हाक मारली तर तिने “हं” म्हटले, पण पाहिले नाही. कपाळावर गार घाम होता.

मधुमेही वृद्धाची साखर उतरताना नेहमीच हात थरथरतात असे नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी घेतलेल्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर दबून राहते. घाम मात्र येतो. अबोला, चिडचिड, अडखळते बोलणे ही लक्षणे थकव्यासारखी भासतात आणि तेथेच फसगत होते. आई सकाळी आठला मिश्र इन्सुलिन घेते. त्याचा जोर दुपारपर्यंत असतो, म्हणून तिची अकराची न्याहारी आणि साडेबाराचे जेवण चुकून चालत नाही. गाडी बिघडण्याच्या गडबडीत घड्याळ पुढे सरकले होते.

साखर मोजण्याचे यंत्र माझ्या पिशवीत होते. आकडा ६६ आला. ७० च्या खाली आकडा आला, की लगेच कृती करायची असते. तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून तिला दिली. अशा वेळी बिस्किट, चॉकलेट किंवा दूध देऊ नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बरोबर १५ मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा ९४ झाली होती. आकडा वाढला नसता, तर तेवढीच साखर पुन्हा दिली असती. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला बोलवावे.

साखर सावरली म्हणजे काम संपले असे नाही. पुढे पोटात टिकणारे अन्न जावे लागते, नाहीतर ती पुन्हा उतरते. आमच्या डब्यात दशम्या होत्या. पण बाईंनी तोवर तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे पुढे केले होते. आईने दोन्ही पाहिले आणि दशम्यांचा डबा बाईंच्या हाती दिला.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. प्रवासात ‘आता अर्ध्या तासात पोहोचू’ या भरवशावर इंजेक्शन घेऊ नये. ताट समोर आल्यावरच घ्यावे. गाडी कधी थांबेल हे कोणाच्या हाती नसते आणि टोचलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. इन्सुलिनची पेटी बंद गाडीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नये. ती उतरणाऱ्या माणसाबरोबर उतरवावी. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे घरातील तापमानात टिकते, परंतु ऊन त्याला सोसत नाही. बर्फाला थेट टेकवूनही ते ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

तापलेली लादी

जेवण झाल्यावर आईने चप्पल काढून पाय पुढे पसरले. सावली सरकली होती आणि ओट्याच्या कडेची काळी लादी उन्हात आली होती. बाई पटकन म्हणाल्या, “आजी, पाय वर घ्या, लादी भाजतेय.” आईने आश्चर्याने पायांकडे पाहिले. तिला काहीच जाणवले नव्हते. टाच थोडी लाल झाली होती. सुदैवाने फोड आला नाही.

“तुम्हांला कसं लगेच कळलं?” मी विचारले. त्यांनी रस्त्याकडे बोट केले. “इथं शांतिवन हाय ना. पायाला कळत नाय अशी माणसं आमी लहानपणापासून बघतो.”

नेऱ्याची महाराष्ट्राला असलेली ओळख ती हीच. कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन येथे आहे. कुष्ठरुग्णांच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेत पुढे वृद्धाश्रम, निसर्गोपचार केंद्र आणि आदिवासी मुलांची आश्रमशाळा अशी कामे जोडली गेली. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. त्याच परंपरेतील हे कोकणाच्या उंबरठ्यावरील काम. ज्या काळात कुष्ठरुग्णाच्या हातचे पाणी घ्यायला घरची माणसे तयार नव्हती, त्या काळात अशा संस्थांच्या शेजारी राहणाऱ्या गावांनी नकळत पुष्कळ काही शिकून घेतले.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि हा रोग सहा महिने ते एक वर्षाच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागला. सरकारी दवाखान्यांत ही औषधे मोफत मिळतात. मात्र उपचाराला उशीर झाला, तर रोग बरा होऊनही हातापायांची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. मग खडा रुततो, चटका बसतो, जखम चिघळते आणि माणसाला पत्ता लागत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात नेमके हेच घडते. कारण वेगळे, पण पायाची दशा एकच. त्यामुळे कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ, सच्छिद्र रबराच्या तळव्याची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते.

कुष्ठरुग्णांना शिकवली जाणारी शिस्त प्रत्येक मधुमेही वृद्धाच्या घरी असावी. रोज संध्याकाळी तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. अनवाणी चालू नये. देवळात जाताना मोजे घालावेत. पाणी गरम आहे की नाही, हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. लाली, फोड किंवा कातडी फाटलेली दिसली, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. दुखत नाही, हीच तेथे काळजीची गोष्ट आहे.

प्रवास बंद करावा काय?

पाऊण वाजता पाइप आला. गावातल्या मेकॅनिकने तो बसवला, इंजिन निवल्याची खात्री करून पाणी भरले आणि गाडी थोडा वेळ चालवून पाहिली. पावणेदोनला आम्ही मोकळे झालो. तेवढ्यात मुलाचा पुन्हा दूरध्वनी आला. “आजीला घेऊन सरळ घरी या. आणि आता हे फिरणं पुरे.” त्याच्या आवाजातील भीती खरी होती. मीही मनातून तेच म्हणत होते.

आईने फोन मागून घेतला. “अरे, घरात साखर उतरली नव्हती का माझी? गेल्या श्रावणात, देवघरासमोर?” ती म्हणाली, “तेव्हा देवघर बंद केलंस का?” आणि आम्ही धोदाणीला गेलो. रस्त्याच्या टोकाशी गाडी सावलीत थांबवून आई पाऊण तास डोंगराकडे पाहत बसली. त्या माथ्यावर मोटारींना आजही बंदी आहे. धोदाणीची माणसे अजून पायीच वर जातात.

वृद्धांच्या प्रवासाविषयी निर्णय घेताना आपण बहुधा आपल्या भीतीला त्यांची प्रकृती असे नाव देतो. डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर ती पाळलीच पाहिजे. ती नसेल, तर प्रवास बंद करण्याऐवजी थांबण्याची तयारी करावी. जर्मनीतील बर्था बेंझ या बाईंनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये पतीने बनवलेली मोटार घेऊन सुमारे १०६ किलोमीटरचा जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास केला, तोही दोन मुलांना घेऊन आपल्या आईला भेटण्यासाठी. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. इंधन संपले, ते एका औषधांच्या दुकानातून विकत घेतले. गाडी वाटेत थांबणार, हे त्या पहिल्या प्रवासापासून ठरलेलेच आहे.

म्हणून वृद्ध व्यक्तीबरोबर निघताना एक वेगळी पिशवी हाताशी असावी. तीत दोन दिवस पुरतील इतकी जास्तीची औषधे, औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद, साखर मोजण्याचे यंत्र, साखरेची पुडी, जलसंजीवनीची पाकिटे, दोन लिटर पाणी, पोटभर कोरडे खाणे, छत्री, टॉवेल, विजेरी, भारित केलेली पॉवर बँक आणि कपड्यांचा एक जोड असावा. ऐकण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी त्याचे सेल घ्यावेत. गाडीत लाल त्रिकोण आणि घडीचे स्टूल ठेवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही कागदावर लिहून ठेवावा. संकटात मोबाइलची बॅटरी प्रथम संपते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापून कातडी कोरडी पडली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी टाकत, वारा घालत दवाखाना गाठावा. गाडी दुरुस्त होण्याची वाट पाहू नये.

एवढी तयारी केल्यावर निघायचे की नाही, हे ज्याला जायचे आहे त्याला विचारावे.